टीप आणि उसवण : बाईचा पार्ट, पुरुषाचं माप

(कुडाळच्या बाजारात शिवणाचं दुकान चालवणाऱ्या काकी या सदरात कपड्यांविषयीच्या प्रश्नांना उत्तरं देतात. गेल्या अंकात त्यांनी दशावतारातल्या स्त्रीपार्टी कलाकारांची पोलकी शिवण्याबद्दल चार ओळी लिहिल्या. त्यावर आलेल्या पत्रांपैकी ही काही.)

प्रश्न : काकी, माझा मुलगा बारावीत आहे. गावातल्या हौशी मंडळाने यंदा दशावतारात त्याला मोहिनीचा पार्ट दिलाय. पोरगा हरखून गेलाय. पण सासरे म्हणतात, एकदा लुगडं नेसला की बायल्या होईल, पुढे मुलगी कोण देणार? नवरा गप्प. मी मध्ये अडकलेय. — एक आई, देवगड तालुका

उत्तर : सासऱ्यांना एवढंच विचारा, जत्रेतला धयकालो, म्हणजे दशावताराचा खेळ, त्यांनी आयुष्यात कधी बघितलाच नाही का? बघितला असेल, तर गणपतीच्या दोन बाजूंना उभ्या राहणाऱ्या रिद्धी-सिद्धींना त्यांनी हात जोडलेले असणार. त्यातल्या एकीची घरी दोन पोरं शाळेत असतात आणि दुसरीची म्हैस व्यायला टेकलेली असते.

माझे वडील दशावतारी कंपन्यांचे कपडे शिवायचे. कार्तिकात जत्रा सुरू व्हायच्या, म्हणून दसरा ते दिवाळी आमच्या घरात जरीच्या तुकड्यांवर पाय पडायचा. राजांचे अंगरखे सोपे, कसेही शिवा, वरून हार-पट्टे येतात. पोलकी मात्र बाबा दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायचे नाहीत. पुरुषाची पाठ रुंद, खांदा उतरता नाही, आणि त्याला त्या पोलक्यात रात्रभर हात उंच करून बोलायचं असतं. म्हणून काखेत चौकोनी कळी घालायची, हूक पुढे घ्यायचे. रंगपटात पाठीचे हूक लावून द्यायला कोण बसलंय? दशावतारात रंगवणारा वेगळा नसतो, जो तो आपलं तोंड आपण रंगवतो. लिहिलेली संहिताही नसते. आख्यान ठरतं, आणि संवाद ज्याने त्याने उभ्याउभ्या रचायचे.

देवळाच्या मागच्या पडवीत एक पिवळा बल्ब, पत्र्याची ट्रंक, ट्रंकेच्या झाकणाला आतून आरसा. मिशी दुपारीच उतरलेली. आधी चेहऱ्याला सफेदा, त्यावर गुलाबी, मग काजळाने बारीक भुवई. पोलकं, आत कापडाचे गोळे, मग लुगडं, कमरपट्टा, केसांना गंगावन. बांगड्या सगळ्यात शेवटी, कारण त्या भरल्यावर निऱ्या हाताला लागत नाहीत. आणि मी लहानपणी तिथे बसून बघायचे ते हेच : बांगड्या भरेपर्यंत जो माणूस पाय पसरून विडी ओढत गावच्या जमिनीच्या वादावर बोलत असायचा, तो बांगड्या भरल्या की गुडघे जवळ घ्यायचा. त्याचं त्यालाही कळायचं नाही. पहाटे दहीकाला झाला, हंडी फुटली की तोच माणूस खोबरेल तेलाने तोंड पुसून, लुंगी गुंडाळून चहा पिणार आणि पहिल्या एसटीने पुढच्या गावाला जाणार.

बाबा म्हणायचे, "बायलेचो पार्ट करूक घट काळजाचो दादलो लागता." समोर अख्खा गाव, मागच्या रांगेतून शिट्ट्या, आणि तरी सीतेच्या डोळ्यांतलं पाणी खरं वाटलं पाहिजे. पार्ट चांगला झाला की म्हाताऱ्या बायका विचारतात, "झील कोणाचो ह्यो?" म्हणजे हा मुलगा कोणाचा? तुमच्या सासऱ्यांना हा प्रश्न एकदा ऐकू आला की अर्धं काम होईल.

राहिली त्यांच्या पोटातली भीती. तिच्यावर स्पष्ट बोललेलं बरं. लुगडं नेसून कोणी बाई होत नाही, तसं असतं तर निम्मा सिंधुदुर्ग झाला असता. काही मुलांना लहानपणापासून आतून वेगळं वाटत असतं हेही खरं, पण ते लुगड्याने येत नाही आणि लुगडं काढून घेतल्याने जातही नाही. तुमच्या पोराला नाटकाचा नाद आहे की आणखी काही मनात आहे, हे त्यालाच माहीत. विचारायचं असेल तर सरळ त्याला विचारा, मायेने, आजोबा घरात नसताना. बहुतेक तो तुम्हाला मोहिनीचे संवाद म्हणून दाखवील.

तोवर तालमीच्या आधी महिनाभर रोज संध्याकाळी त्याला लुगडं नेसवून अंगणात फिरवा. पायरी चढायला, बाकड्यावर बसायला शिकू दे. परकर सुती, नाडीला दुहेरी गाठ, आणि पहिल्या प्रयोगाला खांद्यावर पदराला आतून टाका घाला. नुसत्या पिनेवर विसंबू नका. भस्मासुर नाचवताना मोहिनीला एक हात डोक्यावर ठेवायचाय, तेव्हाच पदर सुटतो.

प्रश्न : शर्टाची बटणं पुरुषांच्या उजव्या अंगाला आणि बायकांच्या डाव्या अंगाला, असं का? — फॅशन डिझायनिंगची विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : युरोपातून आलेली सवय आहे. गोष्टी दोन सांगतात. पुरुषाला उजव्या हाताने तलवार उपसायची असायची म्हणून डाव्याने उघडता येईल असा पदर, आणि श्रीमंत बायकांना मोलकरणी कपडे चढवायच्या म्हणून बटणं मोलकरणीच्या हाताला सोयीची. पुढे तयार कपड्यांचे कारखाने निघाले, आणि त्यांनी ही बाजू कायमची ठरवून टाकली. आता ना तलवार ना मोलकरीण, तरी उलट बाजूला काज केलं तर गिऱ्हाईक शर्ट परत आणतं.

आपल्याकडे बटणंच नव्हती, बंद होते. बाराबंदीला, अंगरख्याला. मोगलांच्या काळात जामा डाव्या काखेखाली बांधला तर हिंदू, उजव्या काखेखाली तर मुसलमान अशी ओळख असे. म्हणजे बाजू ठरवायची हौस जुनीच, कुठे धर्माची, कुठे बाई-पुरुषाची.

आणि बटणांचं सोड, खिशाचं विचार. पुरुषाच्या साध्या पायजम्याला दोन खिसे, आणि नोकरीला जाणाऱ्या बाईच्या हजारभर रुपयांच्या कुडत्याला एकही नाही. मी न सांगता घालते, उजव्या शिवणीत, मनगटापर्यंत हात जाईल एवढा. मोबाईल राहिला पाहिजे. फॅशन डिझायनिंग शिकतेस ना, मग परीक्षेत खिसा काढ.

प्रश्न : गेल्या अंकातला तुमचा मजकूर वाचून खेद झाला. नाटक ही कला, ते वेगळं. पण आज मोबाईलवर मुलगे काजळ-लिपस्टिक लावून साड्या नेसतात, मुली केस कापून पँटीत फिरतात. हे पाश्चात्त्य खूळ आहे. आपल्या संस्कृतीत पुरुष पुरुषासारखा आणि स्त्री स्त्रीसारखी राहत असे. — निवृत्त मुख्याध्यापक, रत्नागिरी

उत्तर : सर, नमस्कार. तुम्ही आयुष्यभर शिकवलंत, मी मशीन मारलं. तरी किनाऱ्यानेच एक फेरी मारू, वाटेत काय लागतं ते बघू.

दक्षिणेला निघालो तर गोव्यात फोंड्याजवळ म्हार्दोळला म्हाळसा. पोर्तुगीजांच्या धाकाने सोळाव्या शतकात वेर्ण्याहून हलवलेली देवी. तिला नारायणी म्हणतात, कारण ती विष्णूचं मोहिनीरूप. बाईचं रूप, बाईचे दागिने, आणि गळ्यात जानवं. हजारो घरांची कुलदेवता आहे, दर वर्षी लोक कुटुंबासकट जाऊन ओटी भरतात. उत्तरेला निघालो तर मुंबईच्या समोर घारापुरी. तिथल्या लेण्यात अर्धनारीश्वर आहे, साधारण सहाव्या शतकातला. दगडात एकाच अंगाला दोन वळणं दिली आहेत : एक खांदा रुंद, सरळ, दुसऱ्या अंगाला छातीचा उभार आणि कमरेचा बाक. मला तर त्या मूर्तीसमोर उभं राहिल्यावर आधी माप दिसतं, मग देव.

इतकं लांब जायचं नसेल तर शिमग्यात तुमच्या रत्नागिरी जिल्ह्यातच थांबा. खेळे घरोघर येतात तेव्हा संकासुराबरोबर गोमू असते. नमनातल्या गौळणी असतात. कित्येक पिढ्या या गोमू आणि गौळणी गावचेच बाप्ये होत आले. आमच्याकडे सिंधुदुर्गात राधा नाचते ती तशीच. अंगणात आलेल्या राधेच्या हातावर तुमच्या आईनेही नारळ-पैसे ठेवले असतील. अर्जुन विराटाच्या घरी वर्षभर बृहन्नडा होऊन राहिला, राजकन्येला नाच शिकवला, हे तर तुम्ही वर्गात सांगितलं असेल.

"नाटक वेगळं," असं तुम्ही म्हणता. थोडं आहे वेगळं. पण किती, ते बघा. बालगंधर्वांनी 1911 मध्ये 'मानापमान'मधली भामिनी केली, 1916 मध्ये 'स्वयंवर'मधली रुक्मिणी, 1919 मध्ये 'एकच प्याला'तली सिंधू. त्यांचं लुगडं कसं नेसलंय, अंबाड्यात फुलं कशी खोवलीत, हे बघून पुण्या-मुंबईच्या चांगल्या घरच्या बायका तसं नेसू लागल्या, तशी फुलं माळू लागल्या. बाईने कसं दिसावं हे बायकांनी एका पुरुषाकडून उचललं, आणि सरकारने 1964 मध्ये त्या पुरुषाला पद्मभूषण दिलं. दीनानाथ मंगेशकर, आपल्या मंगेशीचे, त्यांनीही स्त्रीभूमिका गाजवल्या. विष्णुपंत पागनीस आधी लुगडं नेसून रंगमंचावर गायचे, आणि 1936 मध्ये पडद्यावर तेच तुकाराम झाले. तेव्हा लोकांनी त्यांना जुनं लुगडं काढून दाखवलं नाही, हात जोडले. दादासाहेब फाळक्यांच्या 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती अण्णा साळुंके, आणि 1917 च्या 'लंकादहन'मध्ये तर राम तेच, सीताही तेच. त्या शिंप्याला मी मनातल्या मनात नमस्कार करते. एका मापावर दोन्ही कपडेपट.

याला एक दुसरी बाजू आहे आणि ती मला जास्त टोचते. पुरुष सीता झाले, कारण सीतेला दाराबाहेर यायची बंदी होती. घरंदाज बाईने रंगमंचावर पाऊल ठेवलं तर तिची अब्रू गेली, आणि पुरुषाने तिचं लुगडं नेसलं तर त्याला सोन्याचं पदक. इंग्लंडात बायका रंगभूमीवर आल्या त्या 1660 मध्ये, तोवर त्यांची कामं पोरगे करायचे. जपानात 1629 मध्ये काबुकी नाटकांतून बायकांना हाकललं, आणि त्यांच्या जागी पुरुषांनी बाई होण्याची वेगळी विद्याच उभी केली. आपल्याकडे बायकांनीही बायकांच्या नाटक मंडळ्या काढल्या होत्या बरं का. त्यात राजा, विदूषक, सगळे बायकाच, पगड्या बांधून, मिशा चिकटवून. त्यांचे फोटो कुठल्या भिंतीवर दिसतात? पुढे 1933 मध्ये 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक आलं आणि बाईचं काम बाईने करायची वाट मोकळी झाली. तेव्हा जुनं ते सगळं सोनं, असं माझं म्हणणं नाही.

आता पाश्चात्त्य खुळाकडे वळू. पश्चिमेकडून या बाबतीत जे आलं, ते कायदे. पॅरिसमध्ये 1800 साली पोलिसांनी हुकूम काढला की बाईला पँट घालायची तर परवाना काढावा लागेल. तो हुकूम कागदावरून पुसायला 2013 उजाडलं. गोव्यात इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाने, 1736 मध्ये फर्मान काढून बाटलेल्या पुरुषांना पुडवें म्हणजे धोतर आणि बायकांना चोळी घालायला मनाई केली. का, तर कपडा जुना राहिला की माणूस जुना राहतो, ही धास्ती. आणि इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा जो कायदा केला, त्याच्या दुसऱ्या भागात तृतीयपंथीयांची नोंद करून ठेवायची सोय होती. नोंद झालेला माणूस रस्त्यावर बाईच्या कपड्यात किंवा दागिन्यांत दिसला, नाचला-गायला, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. तो भाग आधी उत्तरेकडच्या प्रांतांना लागू झाला. त्यानंतर नऊच वर्षांनी, 1880 मध्ये, पुण्यात किर्लोस्करांचं संगीत शाकुंतल रंगमंचावर आलं. शकुंतला पुरुषच होती, आणि लोक 'वन्स मोअर' देत होते. एकच साहेबाचं राज्य, एकच लुगडं. तंबूत टाळ्या, रस्त्यावर बेड्या.

बाई-पुरुषाच्या कपड्यांमधली ही रेघ तुम्ही आपली संस्कृती म्हणून सांगता, पण सर, ती आखणारा हात बराचसा परका आहे. म्हाळशेला जानवं घालणाऱ्या लोकांना त्या रेघेची गरज पडली नव्हती.

मोबाईलवरचं मीही बघते. सगळं मला आवडतं असं नाही. टीव्हीवर पुरुषाला साडी नेसवतात ती फक्त हसण्यासाठी, जाड ओठ रंगवून, छातीत उशा कोंबून, ते मला बघवत नाही. त्यात बाईची टिंगल आहे, आणि दशावतारातल्या गड्याचीही. पण मागे एका पोराचा व्हिडिओ बघितला. त्याने नऊवारीचा काष्टा असा घेतला होता की निरी निरी मोजून घ्यावी. तेवढ्याला मी मार्क दिले.

प्रश्न : काकी, कॉलेजच्या ट्रॅडिशनल डेला मला आजोबांचं धोतर नेसायचंय. आजी म्हणते, बाईमाणसाने धोतर नेसायचं नसतं. ती स्वतः अजून नऊवारी नेसते. — वेंगुर्ला

उत्तर : आजीला म्हणावं, आरशात बघ. काष्टा तोच, मागे खोचायची रीत तीच. आजोबांचं साडेचार मीटर, तुझं आठच्या आसपास, कारण पदर हवा. लावणीच्या दिवसांत आजीने लुगडं गुडघ्यापर्यंत आवळून चिखलात उभं राहून रोपं लावली असतील. पाचवारी गोल साडीत ते करून बघ म्हणावं. ही गोल साडी आपल्या खेड्यांत पोचली ती चाकरमान्यांच्या बायकांबरोबर, मुंबईहून. तेव्हाच्या आज्या तिला नावं ठेवायच्या, की पाय एकत्र बांधून ठेवल्यासारखं हे काय नेसणं.

आनंदीबाई जोशी 1883 मध्ये डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेल्या. नवऱ्याच्या पोस्टातल्या बदलीमुळे आधी काही काळ त्या आपल्या अलिबागलाही राहिल्या होत्या. अमेरिकेतल्या थंडीत नऊवारीत पाय उघडे पडायचे, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. त्यावरूनही इकडे चर्चा झडल्या. बाई काय शिकते यापेक्षा काय नेसते, याला लोकांना वेळ फार.

धोतराला खळ कर, नाहीतर निऱ्या मऊ पडतात. आत सायकलिंगची चड्डी घाल, वर आजोबांचाच सदरा. आजीकडूनच नेसवून घे. काष्टा तिच्याइतका घट्ट यूट्यूब मारत नाही, आणि नेसवता नेसवता तिचा राग जाईल.

प्रश्न : काकी, नाव छापू नका. वय 27, मालवणात नोकरी. लहानपणापासून मला साडी नेसायला आवडतं. रात्री खोलीचं दार लावून नेसतो, थोडा वेळ आरशासमोर बसतो, मन शांत होतं, मग घडी घालून ठेवतो. मला पुरुष म्हणूनच राहायचंय, मुलीच आवडतात. घरचे आता लग्नाचं बघतायत. हा आजार आहे का? मुलीला सांगू का? आणि विचारायला लाज वाटते, पण तयार पोलकी मला खांद्यात आवळतात. — अ.

उत्तर : शेवटच्या प्रश्नाची लाज कशाला, तोच एक माझ्या धंद्यातला. पण आधीचे दोन महत्त्वाचे.

आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी यादी 2022 पासून लागू झाली, तिच्यातून नुसतं दुसऱ्या लिंगाचे कपडे घालण्यावरून दिलेली जुनी निदानं काढून टाकली आहेत. आपल्या देशाचा 2017 चा मानसिक आरोग्य कायदाही सांगतो की समाजाच्या रूढ नैतिक-सामाजिक समजुतींत माणूस बसत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. तेव्हा कोणी 'बरं करून देतो' म्हणून गोळ्या, अंगारा किंवा शॉक सुचवला तर त्याच्या पायऱ्या उतरायच्या. साडीचा त्रास नाही, पण लपवाछपवीचा, भीतीचा होत असेल, झोप उडाली असेल, तर सरकारची टेलि-मानस नावाची फोनसेवा आहे, 14416. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

तुम्ही पुरुष म्हणून राहायचं म्हणता, तेव्हा पुढची माहिती तुम्हाला लागणार नाही. पण हेच पत्र वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला लागेल. ज्यांना आतून आपण पुरुष नाहीच किंवा बाई नाहीच असं वाटतं, त्यांना आपली ओळख आपण ठरवण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 ला सांगितलं. पुढे 2019 मध्ये कायदा झाला, आणि ओळखपत्रासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायची व्यवस्था आली. त्या कायद्यावर त्या समाजाच्याच बऱ्याच तक्रारी आहेत, आणि मला त्या रास्त वाटतात. आपण कोण, हे सांगायला कलेक्टरचा शिक्का का लागावा?

मुलीला सांगा. सुपारी फुटायच्या आधी, समोर बसून, तिसरं कोणी नसताना. फोनवर नको, लिहून तर अजिबात नको. तुम्ही मला जे चार ओळींत लिहिलंत, तसंच सांगा : आवडतं, घरातच, मन शांत होतं, बाकी मी हा असा आहे. माफी मागत सांगू नका, नाहीतर तिला वाटेल काहीतरी भयंकर आहे. ती नाही म्हणाली तर तो तिचा हक्क, आणि तुम्हीही सुटलात. हो म्हणाली तर कपाटाला कुलूप लावायचं काम वाचलं. लग्न झाल्यावर तिला ती साडी आपसूक सापडली, तर तिच्या मनात आधी दुसऱ्या बाईचा संशय येणार, आणि तो फेडणं याहून कठीण. आईवडिलांना सांगणं मात्र तुमच्या मर्जीवर. प्रत्येक गोष्ट आईला कळलीच पाहिजे असा काही नियम नाही. एक सावधगिरी : फोटो काढत असाल तर ते मोबाईलमध्ये ठेवू नका. मोबाईल दुरुस्तीला दिला आणि भलत्याच हाती लागले, मग पैसे मागणारे निपजतात.

आता पोलकं. तयार मिळतं ते बाईच्या मापावर. अडतीस छातीला खांदा चौदा-साडेचौदा इंच धरतात. तुमचा सतराच्या पुढे असणार, म्हणून आवळतं. मोठ्या नंबरचं घेतलंत तर खांदा बसतो, पण पुढे कापड लोंबतं. तेव्हा शिवूनच घ्यावं लागेल. कटोरी नको, साधं चार टक्सचं, आणि टक्स निम्म्यानेच. मुंढा इंचभर खोल, काखेत कळी, पाठीचा गळा वर, बाही कोपरापर्यंत म्हणजे दंड आवळणार नाही. हूक पुढे. दोन्ही बाजूंना दीड इंच माया ठेवते, पोट सुटलं तरी उसवून वाढवता येईल.

माप द्यायला दुकानात यायची गरज नाही. अंगाला नीट बसणारा एक शर्ट आणि छाती, दंड, खांद्यापासून कमरेपर्यंतची उंची, एवढं कागदावर लिहून मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, ते माझ्याकडे येईल. पार्सलवर 'नाटकाचं पोलकं' लिहा. आमच्या भागात त्यावर कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही. साडीबरोबरचा ब्लाउज पीस ऐंशी सेंटीमीटरचा असतो, तुम्हाला पुरायचा नाही. त्याच रंगाचं सव्वा मीटर कापड वेगळं घ्या. अस्तर माझ्याकडचं घालते.